चाळणीतल्या फ्लॉवरवर वाफ नेमकं काय करते?

आरोग्याच्या व्हिडिओंमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘वाफ उकळत्या पाण्यापेक्षा जास्त गरम असते, म्हणून भाजी पटकन शिजते.’ ठसक्यात सांगितलं जातं, पण दोन्ही अंगांनी चूक आहे. साध्या झाकणाच्या पातेल्यात खदखदणारं पाणी आणि त्यातून निघणारी वाफ यांचं तापमान एकच. मुंबईत १०० अंश सेल्सिअस, पुण्यात साधारण ९८, महाबळेश्वरला ९५-९६. (प्रेशर कुकरची गोष्ट निराळी, तिथे दाब वाढवून तापमान १२० च्या आसपास नेलेलं असतं.) आणि वेळेचं म्हणाल, तर उकळत्या पाण्यात टाकलेली फरसबी वाफेवरच्या फरसबीच्या मिनिटभर आधीच शिजते.

तरीही वाफेत काहीतरी खास आहे. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घातला तर नुसती धग लागते. १०० अंशांच्या वाफेवर तेवढाच वेळ हात गेला, तर फोड येतो.

एक किलो पाणी २० अंशांवरून १०० पर्यंत तापवायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. पण त्याच १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांची वाफ करायला लागतात २२५७ किलोज्यूल, म्हणजे जवळपास सातपट. एवढी उष्णता ओतूनही तापमापी जागची हलत नाही. शाळेत शिकलेला ‘अप्रकट उष्मा’ तो हाच. ग्लासगो विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकात तो मोजला. त्याच विद्यापीठात १७६३-६४ च्या सुमारास जेम्स वॅट न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल दुरुस्त करत होता. थोडीशी वाफ स्वतःच्या वजनाच्या सहापट थंड पाण्याला उकळी आणते, हे पाहून तो चक्रावला. त्याला उलगडा करून दिला तो ब्लॅकनेच.

आता चाळणीत ठेवलेला फ्लॉवरचा तुरा बघा. तो ३० अंशांवर आहे. वाफ त्याला टेकली की तिथेच तिचं पाणी होतं आणि वाफ होताना घेतलेली सगळी उष्णता ती त्याच जागी सोडून देते, दर ग्रॅममागे २२५७ ज्यूल. एक ग्रॅम वाफ सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. तिचं पाणी झालं की उरतो एक मिलिलिटर. म्हणजे तुऱ्याभोवतीची जागा एकदम रिकामी होते आणि ती भरायला शेजारची वाफ धावते. तिचंही पाणी होतं, मागून आणखी येते. जिथे पृष्ठभाग जास्त थंड, तिथे वाफ जास्त ओढली जाते. जो तुकडा तापला, त्याच्यावर पाणी जमायचं जवळजवळ थांबतं आणि वाफ दुसऱ्याकडे वळते. पंखा नाही, ढवळणं नाही, तरी दांड्याच्या खोबणीपासून तुऱ्याच्या टोकापर्यंत सगळीकडे सारखी उष्णता पोचते. स्वयंपाकघरातल्या सगळ्या भौतिकशास्त्रात मला हे सर्वात देखणं वाटतं.

हिशेबही करता येतो. पाव किलो फ्लॉवर ३० वरून ९५ अंशांवर न्यायला साधारण ६३ किलोज्यूल लागतात. भाग २२५७ ने दिला, तर उत्तर येतं २८ ग्रॅम वाफ. दोन टेबलस्पून पाणी! भांडं तापण्यात थोडी आणखी जाते, पण बाकीची सगळी झाकणाच्या फटीतून ओट्यावरच्या टाइल्स ओल्या करते. तेव्हा एकदा सणसणीत वाफ धरली की गॅस मध्यम करावा. आच मोठी ठेवल्याने पाणी लवकर आटेल, भाजी लवकर शिजणार नाही. कारण एकदा पृष्ठभाग तापला की पुढचं काम तुकड्याच्या आतल्या उष्णतावहनाचं, आणि ते मंदगती असतं. त्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गाजराची चकती दुप्पट जाड कापली तर वेळ ढोबळमानाने चौपट. सुरीवर घेतलेली मेहनत इथे गॅसपेक्षा जास्त कामाची.

या सगळ्यात खोडा घालणारी एकच गोष्ट आहे, हवा. वाफेचं पाणी होतं, हवेचं काहीच होत नाही. वाफेसोबत ओढली गेलेली हवा तुऱ्याभोवती साचून राहते आणि नव्या वाफेला त्या थरातून वाट काढत यावं लागतं. भांड्यात निम्मी हवा असेल तर वाफेचा स्वतःचा दाब निम्माच उरतो, आणि तेवढ्या दाबाच्या वाफेचं पाणी ८१-८२ अंशांनाच होऊ लागतं. फ्लॉवर तिथेच अडकतो. पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन या तापमानाला फार हळू सुटतं, म्हणून तो बराच वेळ कडकच राहतो. पाणी उकळून झाकणाच्या कडेने जोरात वाफ यायला लागल्यावरच चाळणी आत ठेवायची, ती यासाठी. मोदकपात्राचाही नियम हाच. कुकरच्या नळीतून वाफेची धार आल्यावर मग शिट्टी लावा, असं सांगतात, तेही आतली हवा हाकलण्यासाठी. दर दोन मिनिटांनी झाकण उचलून ‘झालं का’ बघणाऱ्यांनी प्रत्येक वेळी हवा आत घेतलेली असते. चाळणी गच्च भरली तरी मधल्या तुकड्यांमधली हवा निघत नाही.

आपल्याकडे कोरड्या भाजीवर ताट झाकून त्यात पाणी ओततात, तीही वाफेचीच करामत. भाजीतून निघालेली वाफ थंड ताटाला खालून लागते, तिचं पाणी होऊन पुन्हा भाजीतच ठिबकतं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत याला रिफ्लक्स म्हणतात आणि त्यासाठी काचेची महागडी नळी लावतात. आपल्याकडे दुधीच्या भाजीला स्टीलचं ताट पुरतं.

पोषणाबद्दल थोडक्यात. ‘क’ जीवनसत्त्व आणि ‘ब’ गटातली बरीच जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. उकडून पाणी फेकलं की ती मोरीत जातात, वाफेवर त्यातली बरीच भाजीतच राहतात. सगळी नाही, कारण ‘क’ उष्णतेनेही मोडतं. तेव्हा ‘शंभर टक्के पोषण’ लिहिलेले स्टीमर दुकानातच राहू द्यावेत. तीच गत खाली ‘अल्कधर्मी पाणी’ घाला म्हणणाऱ्यांची. वर जाते ती निव्वळ पाण्याची वाफ, क्षार तळाशीच राहतात. पाण्यात मूठभर मीठ टाकलंत तरी भाजी अळणीच निघेल. गवती चहा टाकला तर वास मात्र येईल, कारण त्यातलं सुगंधी तेल वाफेबरोबर उडतं.

फरसबी, मटार, ब्रोकोली यांचा हिरवा रंग पाच-सात मिनिटं टिकतो. पुढे भाजीतल्याच आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निसटतं आणि रंग शेवाळी होतो. लिंबू नेहमी शेवटी पिळावं ते म्हणून. चिमूटभर सोड्याने रंग राहतो, पण भाजीचा लगदा होतो आणि ‘ब-१’ मोडतं.

कोबी-फ्लॉवर-ब्रोकोलीत मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. कापल्यावर ते पेशींतल्या गंधकयुक्त संयुगांवर काम करतं आणि ब्रोकोलीत त्यातून सल्फोराफेन तयार होतं. (कर्करोगावर त्याचा अभ्यास चालू आहे, पण ब्रोकोलीने कर्करोग बरा होत नाही.) जास्त वेळ शिजवलं की हे विकर निकामी होतं. हेच विकर कच्च्या मोहरीत भरपूर असतं, आणि शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घातली तर सल्फोराफेन पुन्हा तयार होतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे वाफवलेल्या भाजीत दही आणि नाकात जाणारी फेसलेली मोहरी कालवायला रसायनशास्त्राचीही संमती आहे. मात्र मोहरी भाजी कोमट झाल्यावर घालावी. फोडणीत तडतडलेली इथे चालायची नाही, तिच्यातलं विकर तेलातच संपलेलं असतं.