जुन्या मोटारींचे ध्वनिरोधन व उष्णतारोधन

मोटारीचा तळपत्रा, दारे, छत, डिकी आणि इंजिन व बैठक यांमधला आडपत्रा यांना आतून कंप, आवाज व उष्णता कमी करणारे थर देण्याची क्रिया. जुनी मोटार म्हणजे फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येनुसार किमान ३० वर्षांची गाडी. भारतात ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांची अट ठेवली आहे. मुंबईपुरता हा विषय बव्हंशी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० आणि तिचेच पुढचे रूप असलेली पद्मिनी यांच्याशी निगडित आहे.

पूर्वपीठिका : आरंभीच्या गाड्या उघड्या असत, बंद गाड्यांचाही सांगाडा लाकडी आणि छत मेणकापडाचे असे. लाकूड व कापड कंप आपोआप जिरवतात, त्यामुळे पत्रा घुमण्याचा प्रश्न फारसा नव्हता. सबंध पोलादी काया आली तेव्हा तो उभा राहिला. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना एकसंध पोलादी छत दिले. असा रुंद, पातळ पत्रा ढोलाच्या चामड्यासारखा वाजतो. फियाट ११०० मध्ये १९५३ पासून चासी व काया एकजीव झाल्या आणि इंजिन, गिअरबॉक्स व चाकांचे कंप थेट तळपत्र्यापर्यंत पोचू लागले. जुन्या गाड्यांत तळाला नमदा किंवा तागाचे जाड फेल्ट व आडपत्र्याला डांबर मुरवलेला पुठ्ठा आढळतो. नमद्याचा मूळ हेतू थंडी व धूळ अडवणे हाच असावा आणि आवाजाचा लाभ मागाहून ध्यानात आला असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. थंड देशांतील उघड्या गाड्यांतही तो आढळतो.

संदमनाचा उगम : पत्र्यावर चिकट-लवचीक पदार्थाचा थर देऊन त्याचा कंप लवकर विझवणे म्हणजे संदमन. त्याचे दोन प्रकार आहेत आणि संदमनाचा शोध कोणाचा, हा श्रेयाचा वाद त्यांची गल्लत झाल्याने वाढला आहे. पहिल्या प्रकारात थर मोकळा असतो. पत्रा वाकताना तो ताणला-दाबला जातो. याची पद्धतशीर मांडणी फ्रान्समध्ये लिएनार (१९५१) व जर्मनीत ओबर्स्ट (१९५२) यांनी केली. संदमन मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या धातूच्या चाचणी-पट्टीला आजही ओबर्स्टचेच नाव आहे. एका वर्षाच्या अंतरावरून अग्रक्रम ठरवण्यात फारसा अर्थ दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात त्या थरावर धातूचा ताठ पापुद्रा असतो. पत्रा वाकला की मधला थर दोन ताठ कडांमध्ये घासटला जातो आणि त्या कर्तनातून (थर आडवा सरकून ताणला जाण्यातून) कंपाची ऊर्जा उष्णतेत जाते. बाजारात मिळणारी ॲल्युमिनियमच्या पाठीची ब्युटाइल (एक कृत्रिम रबर) शीट ही याच जातीची. तिचे जनकत्व बहुधा अमेरिकन संशोधक कर्विन (१९५९) यांना दिले जाते. परंतु स्वॅलो यांचे ब्रिटिश पेटंट १९३९ चे आहे आणि त्यात ही रचना स्पष्ट आहे. कल्पना स्वॅलो यांची आणि गणित कर्विन यांचे, अशी विभागणी केल्यास दोघांवरही अन्याय होत नाही. डांबरी थराचा वापर या सगळ्या सिद्धांतांच्या आधीचा आहे. कारागीर पुढे होते, शास्त्र मागून आले.

कार्य : संदमन, रोधन व शोषण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. संदमनाने फक्त पत्र्याचे अनुस्पंदन (ठराविक कंप्रतेला घुमणे) कमी होते. त्यासाठी पत्रा संपूर्ण मढवावा लागत नाही, मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर साधारण पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी बराच परिणाम मिळतो. हवेतून येणारा आवाज अडवायला मात्र वजनच लागते. वस्तुमान दुप्पट केल्यावर रोध सुमारे ६ डेसिबेल वाढतो, असा नियम आहे. ०.८ मिमी पोलादी पत्रा चौरस मीटरला सव्वासहा किलो भरतो, म्हणजे ६ डेसिबेलसाठी तेवढेच वजन पुन्हा चढवावे लागते. पद्मिनीच्या १०८९ घनसेंमी, सुमारे ४० अश्वशक्तीच्या इंजिनाला ते जाणवते. शिवाय आडपत्र्यात क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी भोके उघडी राहिली तरी बाकीची भिंत कितीही जाड असो, रोध २० डेसिबेलच्या पुढे जात नाही. म्हणून दाराचे रबरी बीडिंग आणि वायरींभोवतीचे ग्रोमेट (भोकातल्या रबरी कड्या) आधी बदलावेत. सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित असे हे काम आहे.

फोम लावला की इंजिनाची घुमघुम थांबते, हा भ्रमही दूर व्हायला हवा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, त्यामुळे मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर मूळ कंप्रता १०० हर्ट्‌झ येते. तिची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, आणि प्रभावी शोषणाला त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे ८५ सेंमी, खोली लागते. दहा मिमी फोम ही घुमघुम शोषू शकत नाही; तो टायरची सरसर व वाऱ्याची शीळ कमी करतो आणि उष्णता अडवतो. चकचकीत पापुद्र्याने प्रारित उष्णता परततेही, पण त्याच्यासमोर हवेची पोकळी असली तरच.

मुंबईतील परिस्थिती : येथे खरा शत्रू पाणी आहे. जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिमीहून अधिक पाऊस, वर खारा वारा. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीत, अथवा काचेच्या जुन्या बीडिंगमधून झिरपा लागलेल्या गाडीत, तागाचे फेल्ट पाणी धरून ठेवते आणि वरून रबरी मॅट असल्याने ते आठवडेच्या आठवडे वाळत नाही. वर कोरडी दिसणारी गाडी खालून सडते. तळपत्रा बोटाने दाबला की भोक पडते, हे पाहिलेला माणूस पुन्हा कधी नुसते फेल्ट घालणार नाही. म्हणून तळाला बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोमच घ्यावा. पत्रा उघडा करून, गंज खरवडून, प्राइमर पूर्ण सुकवून मगच शीट रुळाने दाबावी, कारण कडेला राहिलेली हवेची फट पाण्याला घर देते. दाराच्या व सिलच्या (दाराखालच्या उंबऱ्याच्या) तळाची निचऱ्याची भोके कधीही बुजवू नयेत. हे काम पावसाळ्याआधी, शक्यतो कोरड्या हवेत उरकावे.

साधी डांबरी शीट छताला लावू नये. वैशाखातल्या उन्हात पत्रा हाताला चटका देतो, डांबर मऊ होऊन सुटते आणि गाडीत वास भरतो. ब्युटाइल टिकते. परदेशी जुन्या गाड्यांच्या आडपत्र्यावरील काही गाद्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्या सुक्या खरवडू नयेत.

पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. त्यामुळे उरलेल्या खासगी गाड्यांचे मूळपण जपणे अधिक महत्त्वाचे झाले आहे. फिवाच्या ट्यूरिन सनदेचा कल परत काढता येतील अशाच बदलांकडे आहे, आणि त्या कसोटीला फवारलेला कायमचा लेप उतरत नाही. शीट व सुटी मॅट उतरतात. काढलेले जुने फेल्टचे तुकडे सडके असले तरी टाकू नयेत. पेडलभोवतीचा खाच आणि टनेलवरचा (तळाच्या मधल्या उंचवट्यावरचा) वळसा त्यांच्यावरूनच कापता येतो.