लंडनला व्हिसा नेमका कधीपासून लागायला लागला?

युरोप टूर बुक केली की टूरवाले पहिल्यांदा हेच सांगतात, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) वेगळा आणि यूकेचा वेगळा, म्हणजे दोन फायली, दोन अपॉइंटमेंट, दोनदा बोटांचे ठसे. मग घरातलं कुणीतरी वडीलधारं म्हणतं, आमच्या वेळी लंडनला व्हिसा नव्हता. ते थापा मारत नाहीयेत बरं का. १९८६ पर्यंत फिरायला जाणाऱ्या भारतीयाला इथून व्हिसा काढावा लागत नव्हता, हीथ्रोला उतरायचं आणि तिथला इमिग्रेशनवाला काय विचारेल त्याला उत्तरं द्यायची.

अजून मागे गेलं तर पासपोर्टचीही सक्ती नव्हती. १९०६ ला सावरकर लंडनला गेले तेव्हा बोटीचं तिकीट असलं की झालं. पहिल्या महायुद्धात १९१५ ला सरकारने पासपोर्ट सक्तीचा केला, युद्धापुरता म्हणून, आणि युद्ध संपल्यावर १९२० ला त्याचा रीतसर कायदाच करून टाकला. हा कागद कशासाठी वापरता येतो ते मधल्या काळातच दिसलं होतं. १९१८ मध्ये टिळक, खापर्डे, केळकर ही मंडळी होमरूलची बाजू मांडायला विलायतेला निघाली, कोलंबोपर्यंत पोचली आणि तिथे कळलं की पासपोर्ट रद्द! त्याच वर्षी पुढे चिरोल या ब्रिटिश पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळकांना जाऊ दिलं, पण राजकीय चळवळ करायची नाही या अटीवर.

गंमत म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर ब्रिटनचं दार जास्त उघडं झालं. १९४८ च्या त्यांच्या कायद्याने कॉमनवेल्थचा नागरिक तिकडे जाऊन राहू शकत होता, नोकरी करू शकत होता. अडवणूक उलट आपल्याकडेच होती, पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर, ते थेट १९६७ ला सुप्रीम कोर्टाने परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असं सांगितलं आणि मग घाईघाईत पासपोर्टचा नवा कायदा आला.

तोवर तिकडे हवा बदलली होती. १९६२ पासून कामासाठी जायचं तर व्हाउचर, म्हणजे तिथल्या सरकारचा कामाचा परवाना, लागायला लागलं. १९६८ ला केनियातून भारतीय वंशाचे लोक ब्रिटिश पासपोर्ट घेऊन यायला लागले तर पार्लमेंटने तीन दिवसांत कायदा करून त्यांनाच रोखलं, आईबाप किंवा आजीआजोबांपैकी कुणाचा जन्म ब्रिटनमधला आहे का ते दाखवा म्हणे. म्हणजे पासपोर्ट त्यांचाच आणि प्रवेश नाही, याला काय म्हणायचं! १९८६ ला थॅचरबाईंच्या सरकारने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया आणि घाना या पाच देशांवर व्हिसा लावला आणि नियम लागू व्हायच्या आत पोचायला हीथ्रोवर झुंबड उडाली होती.

शेंगेनचा करार १९८५ चा, प्रत्यक्षात आला १९९५ ला, ब्रिटन त्यात कधी गेलंच नाही, म्हणून आपल्या त्या दोन फायली.

गोवेकरांनी मात्र यातून वेगळीच वाट काढली. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेऊ शकतात, आणि तेव्हा ब्रिटनही पोर्तुगालसारखं युरोपियन युनियनमध्ये होतं, म्हणून तो घेऊन कितीतरी जण इंग्लंडमधल्या स्विंडनसारख्या गावात कामाला गेले, व्हिसाबिसा काही नाही. ब्रेक्झिटनंतर २०२१ पासून नव्याने जाणाऱ्यांची ती वाट बंद झाली, आणि एप्रिल २०२५ पासून तर नुसतं फिरायला जायचं तरी पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला आधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढावा लागतो.