परदेशी नोकरीचा निर्णय आणि दर पिढीत बदलत गेलेल्या अटी

परदेशी नोकरीसाठी जावे की इथेच राहावे, हा प्रश्न आज पुण्या-मुंबईइतकाच सांगली, नाशिक किंवा अकोल्याच्या घरांतही चर्चिला जातो. पगार, स्वच्छ हवा, मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे वय हे मुद्दे निघतात आणि मग बहुधा नात्यातल्या एखाद्या ‘तिकडच्या’ काकांचा किंवा मावशीचा सल्ला घेतला जातो. हा सल्ला मनापासून दिलेला असतो, तरी तो देणाऱ्याचा अनुभव आजच्यापेक्षा निराळ्या कायद्याखाली घडलेला असतो. १९७२ साली अमेरिकेला गेलेला डॉक्टर, १९९९ साली गेलेला संगणक अभियंता आणि आज एम.एस.साठी कर्ज काढणारा विद्यार्थी हे एकाच देशाची वाट धरतात, मात्र तिथे किती काळ आणि कोणत्या हक्काने राहता येईल याची अट तिघांसाठी वेगवेगळी आहे. या निर्णयाची पार्श्वभूमी समजून घ्यायची तर पगाराच्या आकड्यांआधी या अटींचा इतिहास पाहावा लागतो.

मराठी माणसाचे परदेशी कामाला जाणे सुशिक्षितांपासून सुरू झालेले नाही. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि १८३४पासून १९२०पर्यंत सुमारे पाच लाख भारतीय कराराने तिथे नेले गेले. त्यातले बहुसंख्य बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातले होते. काही मात्र मुंबई बंदरातून गेले, आणि त्यांत कोकण व देशावरच्या मराठी भाषकांचा समावेश होता. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे लोक उतरत, तो आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. करार ठरावीक वर्षांचा असला तरी अनेक जण तिथेच राहिले. त्यांच्या वंशजांमुळे आजही मॉरिशसमध्ये मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मुदतीच्या कामासाठी गेलेला माणूस पिढ्यान्‌पिढ्यांचा रहिवासी होतो, याचे आपल्याकडचे हे बहुधा सर्वांत जुने मोठे उदाहरण आहे.

याच काळात कोकणातले खलाशी आणि गोव्याचे तारवटी ब्रिटिश आगबोटींवर कामाला होते. गोव्याच्या गावोगावच्या मंडळींनी मुंबईत धोबी तलाव परिसरात ‘कूड’ नावाची निवासस्थाने उभारली होती, जिथे बोटीवर काम मिळेपर्यंत गावकऱ्याला स्वस्तात राहता येई. या लोकांचे घर गावातच राहिले. बोटीवरून पैसे येत, माणूस सुटीत येई आणि पुन्हा जाई. पुढे आखाती देशांत गेलेल्यांच्या संसाराचा साचा यापेक्षा फारसा वेगळा नव्हता.

सुशिक्षित उच्चवर्णीयांना मात्र समुद्र ओलांडण्याच्या निषेधाचा अडसर होता. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या, त्याआधी त्यांना सेरामपूर येथे जाहीर भाषण करून आपला निर्णय समजावून सांगावा लागला. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६मध्ये त्या पदवीधर झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक स्वीकारून परतल्या आणि फेब्रुवारी १८८७मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. परदेशी शिकून देशात काम करायचे, हीच त्यांच्या प्रवासामागची धारणा होती, आणि स्वातंत्र्यापर्यंत परदेशी जाणाऱ्या बहुतेक मराठी विद्यार्थ्यांची धारणा तीच राहिली. तसाही अमेरिकेत स्थायिक होण्याचा मार्ग बंदच होता. १९१७च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना प्रवेश नाकारला, १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले, आणि १९४६ साली दार किलकिले झाले ते वर्षाला अवघ्या १०० भारतीयांपुरते.

दुसरी अडचण आपल्याच बाजूची होती आणि ती आता जवळजवळ विस्मरणात गेली आहे. १९६७पर्यंत पासपोर्ट देणे न देणे हे सरकारच्या मर्जीवर होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमनाचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच पासपोर्ट कायदा झाला. परकीय चलनाची टंचाई तर इतकी होती की त्या पिढीतल्या अनेकांना खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसावे लागले. आज शिक्षणासाठी किंवा अन्य कारणांसाठी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. तेव्हा शिष्यवृत्ती, प्रायोजक किंवा तिथली नोकरी यांपैकी काही हाती असल्याशिवाय जाणे जवळपास अशक्य होते. त्यामुळे जो गेला तो आधीच कठोर निवडीतून पार पडलेला असे, आणि त्या पिढीच्या यशाचे मोजमाप करताना ही गोष्ट विसरता कामा नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने चित्र पालटले. मूळ देशानुसार ठरवलेले जुने कोटे गेले, आशियासह पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशाला वर्षाला २०,०००पर्यंत जागा मिळाल्या आणि व्यावसायिक शिक्षण असलेल्यांसाठी स्वतंत्र प्राधान्यगट आला. मुंबईच्या ग्रँट आणि जी.एस. वैद्यकीय महाविद्यालयांतले डॉक्टर, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले आणि १९५८ साली सुरू झालेल्या पवईच्या आयआयटीतले अभियंते या दारातून गेले. भारतीय अर्जदार तुलनेने थोडे होते, म्हणून रांग लहान होती. कित्येकांना कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, भारतात असतानाच मंजूर होऊन मिळे. नोकरी गेली तरी देश सोडावा लागत नसे, बायकोला काम करता येई, आणि काही वर्षांनी नागरिकत्व घेऊन भावंडांसाठीही अर्ज करता येई. उत्तर अमेरिकेतल्या गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले, ते या स्थैर्यावर उभे राहून. ‘धीर धर, सगळे होते’ असे जे वडीलधारे सांगतात, त्यांचा धीर या कायद्याने सार्थ ठरवलेला होता.

आखातात याच्या नेमके उलट घडले. १९७३नंतर तेलाचे भाव चढले, बांधकामे निघाली आणि रत्नागिरी, रायगडच्या गावांतून, त्यातही मुस्लिम कुटुंबांतून, माणसे सौदी, कुवेत, दुबईला जाऊ लागली. मालकाच्या हमीवर मिळणारा व्हिसा, मुदतीचा करार आणि नागरिकत्वाची जवळजवळ शून्य शक्यता ही तिथली अट पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती. दलालांकडून होणारी फसवणूक रोखण्यासाठी भारताने १९८३ साली उत्प्रवासन कायदा केला, भरती करणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला आणि कमी शिकलेल्यांना ठरावीक देशांत जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी घ्यावी लागू लागली. तरी ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर सुमारे १,७०,००० भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने परत आणावे लागले, आणि त्यातल्या अनेकांची बचत, पगार, सामान तिकडेच राहिले. परंतु आखातात जाणाऱ्या कुटुंबाला माणूस परतणार हे ठाऊक असल्याने घर, जमीन, मुलींची लग्ने यांचा सारा हिशोब गावातच मांडलेला असे. या स्पष्टतेचे मोल शहरी मध्यमवर्गाने फारसे ओळखलेले नाही.

गोव्याची वाट वेगळी आहे. १९ डिसेंबर १९६१पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथले नागरिकत्व घेता येते. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर इंग्लंडला गेले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ही सोय नव्याने जाणाऱ्यांसाठी बंद झाली.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची संख्या वाढण्यामागे १९८३चा आणखी एक निर्णय आहे. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि दहा-पंधरा वर्षांत तालुक्याच्या गावांतूनही अभियंते बाहेर पडू लागले. अमेरिकेने १९९० साली एच-वन-बी हा तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा आणला, त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० ठरवली, आणि दशकाच्या शेवटी, सन २००० उजाडताच जुन्या संगणकांत तारखांचा घोळ होईल या अडचणीमुळे मागणी इतकी चढली की २००१ ते २००३ या तीन वर्षांसाठी मर्यादा १,९५,००० झाली. नंतर ती पुन्हा ६५,०००वर आली आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी २०,००० जागांची भर पडली. एम.एस.ला मराठी घरांत जे महत्त्व आले, त्याला या २०,००० जागांनीही बळ दिले.

या व्यवस्थेतली खरी गाठ मात्र वेगळीच आहे. नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० असतात, त्यांत जोडीदार आणि मुलेही मोजली जातात, आणि साधारणपणे कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. व्हिसावर भारतीयांची संख्या मोठी आणि ग्रीन कार्डाचा वाटा लहान, म्हणून रांग लांबत गेली. सन २०००च्या एका कायद्याने ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेलेल्यांना एच-वन-बीची सहा वर्षांची मर्यादा ओलांडून व्हिसा वाढवून घेण्याची मुभा दिली. हेतू दिलासा देण्याचा होता आणि तो मिळालाही. पण तात्पुरत्या व्हिसावर अर्धे आयुष्य काढणारा वर्ग त्यातूनच तयार झाला. २०२५ साली पदव्युत्तर पदवीधरांच्या गटात २०१३च्या सुरुवातीपर्यंत रांगेत नाव लागलेल्या भारतीयांचीच पाळी आलेली होती.

या मधल्या काळात नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. जोडीदाराला २०१५पर्यंत कामाची परवानगीच नव्हती. आता ती आहे, पण ग्रीन कार्डाची प्रक्रिया पुढे गेलेल्यांपुरती. लहानपणी नेलेले मूल २१ वर्षांचे झाले की आईवडिलांच्या व्हिसावरचा त्याचा आधार संपतो आणि ज्या देशात ते वाढले तिथे त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांसाठी १,००,००० डॉलर शुल्काची घोषणा झाली. मुलांसाठी म्हणून जाणाऱ्या कुटुंबांनी या २१व्या वर्षाचा विचार निघण्यापूर्वीच करायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत इतर देशांकडे लक्ष वळले. शिक्षण, वय, भाषा यांना गुण देऊन कायम वास्तव्य देण्याची पद्धत कॅनडाने १९६७ साली सुरू केली होती. परंतु २०२४ साली त्याने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. घटत्या कामकरी लोकसंख्येमुळे जर्मनीने कुशल कामगारांसाठी नियम सैल केले, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी परिचारिका, वीजतंत्री अशा कुशल मनुष्यबळासाठी करार केला. अभियंता नसलेल्या मराठी तरुणांसाठी शासनाच्या पातळीवर वाट उघडू पाहणारा हा उल्लेखनीय प्रयत्न आहे, मात्र त्यात जर्मन भाषा शिकण्याचा काळ आणि खर्च हिशोबात धरावाच लागतो.

परदेशातून येणाऱ्या पैशाचे चित्रही बदलले आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४मध्ये भारतात आलेल्या अशा रकमेत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के म्हणजे केरळपेक्षाही अधिक होता, आणि पाठवणाऱ्या देशांत अमेरिका २७.७ टक्क्यांसह पहिली होती. भारतीय नागरिकत्व सोडणाऱ्यांची संख्या २०२२मध्ये २,२५,६२० आणि २०२३मध्ये २,१६,२१९ होती. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यानंतर मिळणाऱ्या ओसीआय, म्हणजे ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’, या कार्डावर आयुष्यभर व्हिसाविना येता येते, राहता येते आणि बहुतेक नोकऱ्या करता येतात. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेती ठेवता येते, पण विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते.