‘मॉली’ ब्राउन आणि न परतलेली होडी

रंकाळ्याच्या कठड्यावर टायटॅनिकचा विषय निघाला, की त्यातून बचावलेल्या अमेरिकन प्रवासी मार्गारेट ऊर्फ ‘मॉली’ ब्राउन यांची कथा हमखास येते: खलाशाला दटावून त्यांनी होडी मागे वळवली, बुडणाऱ्यांना वाचवले आणि त्या रात्रीनंतर उरलेले आयुष्य दानधर्माला वाहिले.

होडी परतलीच नाही. सहा क्रमांकाच्या जीवरक्षक होडीत मागे जाण्याचा आग्रह मार्गारेट ब्राउन यांनी धरला हे खरे. परंतु होडीचा ताबा असलेल्या रॉबर्ट हिचेन्सने, पाण्यातली माणसे होडी उलथवतील या भीतीने, तो धुडकावला. तेव्हा त्यांनी स्वतः वल्हे हाती घेतले आणि अंगात ऊब राहावी म्हणून काकडणाऱ्या बायकांनाही वल्हवायला लावले.

दानधर्माचे म्हणाल, तर कथेने काळच उलटा केला आहे. लेडव्हिलच्या खाणीतील सोन्याने ब्राउन कुटुंबाला १८९३ मध्ये श्रीमंती आली, आणि डेन्व्हरमध्ये न्यायाधीश बेन लिंडसे यांच्यासोबत मार्गारेटबाई बालगुन्हेगारांसाठी टायटॅनिकच्या कितीतरी आधीपासून झटत होत्या. (आपल्याकडे शाहू महाराजांचे पहिले वसतिगृह १९०१ चे, काळ साधारण तोच.) उलट, जे खरोखर सांगावे ते राहून जाते: बचावलेल्यांना घेऊन कार्पेथिया जहाज १८ एप्रिल १९१२ रोजी न्यूयॉर्कला लागण्यापूर्वीच, सर्वस्व गमावलेल्यांसाठी त्यांनी धनिक प्रवाशांकडून सुमारे दहा हजार डॉलर मिळवले होते.

राहिले नाव. जवळच्यांसाठी त्या ‘मॅगी’ होत्या. ‘मॉली’ रूढ केले ते १९६० च्या ब्रॉडवे संगीतिकेने, आणि त्यांचे निधन तर १९३२ मध्येच झाले होते.