वातावरणीय यथादर्शन

निसर्गचित्रात दूरच्या वस्तूंचे रंग, छटा व कडा यांत हवेमुळे होणारा बदल दाखवून सपाट पृष्ठभागावर खोलीचा आभास निर्माण करण्याची पद्धती. रेषात्मक यथादर्शनाला (समांतर रेषा दूर जाताना एकत्र येताना दाखवून खोली भासविण्याच्या पद्धतीला) रस्ते, इमारती यांच्या समांतर रेषांचा आधार लागतो. डोंगर, झाडी व पाणी यांत त्या क्वचितच सापडतात, म्हणून निसर्गचित्रकाराची भिस्त मुख्यतः या पद्धतीवर असते.

तिचे श्रेय अनेकदा लिओनार्दो दा व्हिंचीला (१४५२–१५१९) दिले जाते. त्याने तिची चिकित्सा केली हे निर्विवाद आहे. पाचपट दूरची इमारत पाचपट निळी करावी, असे त्याच्या टिपणांत आढळते. ही टिपणे चित्रकलेवरील ग्रंथाच्या रूपाने १६५१ मध्ये पॅरिसला छापली गेली. प्रत्यक्षातला उपयोग मात्र बराच जुना दिसतो. रोममधील एस्क्विलिन टेकडीवर सापडलेल्या, सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या ओडिसी या ग्रीक महाकाव्यावरील भित्तिचित्रांत दूरचे कडे फिकट व धूसर आहेत. दुसऱ्या शतकातील ग्रीक शास्त्रज्ञ टॉलेमीच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथातही, दूरत्व दाखविण्यासाठी भित्तिचित्रकार मंद रंग वापरतात असा उल्लेख येतो. फ्लेमिश चित्रकार यान व्हान आयिकची निळसर क्षितिजे लिओनार्दोच्या जन्मापूर्वीची आहेत. त्यामुळे त्याला या पद्धतीचा जनक म्हणण्यापेक्षा मीमांसक म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. चीनमधील परंपरा स्वतंत्र मानावी लागते. कुओ शी याच्या १०७२ मधील ‘वसंतारंभ’ या चित्रात मुख्यतः शाईच्या गडद-फिक्या छटा व मध्ये सोडलेले धुके यांनीच पर्वतांच्या रांगा वेगळ्या होतात. खोली मुळात छटांवर उभी राहते, निळा रंग तिला नंतर येऊन मिळतो, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

या परिणामाची भौतिक उपपत्ती ब्रिटिश भौतिकीविज्ञ लॉर्ड रॅली यांच्या १८७१ मधील प्रकीर्णनविषयक (प्रकाश विखुरण्याविषयीच्या) संशोधनाने मिळाली. हवेतील रेणूंमुळे होणारे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतो. हा विखुरलेला प्रकाश डोळा व वस्तू यांच्या दरम्यान भर घालतो, म्हणून दूरची गर्द झाडी उजळ व निळसर दिसते. उलट दूरचे हिमशिखर स्वतःच्या प्रकाशातील निळा अंश वाटेत गमावते व पिवळसर दिसते. ‘दूर ते निळे’ हा सरधोपट नियम इथे फसतो. धूळ व बाष्पाचे मोठे कण सर्वच रंग जवळजवळ सारखे विखुरतात, म्हणून वैशाखातील सह्याद्री करडा, तर पाऊस ओसरल्यावर तोच निळा दिसतो.

चित्र रंगवताना सर्वांत गडद व सर्वांत उजळ छटांमधील अंतर दूर जाताना कमी करीत नेतात, कडा मऊ करतात व तपशील गाळतात. प्रकाशाची अडचण निराळी आहे: कोणताही पांढरा रंग सूर्याइतका तेजस्वी नसतो. क्लोद लोरें (सु. १६००–१६८२) याने कडेला काळोखी झाडे वा इमारती ठेवून मधले पिवळे आकाश तेजाळ केले. आपले एक चित्र क्लोदच्या बंदरचित्राशेजारी टांगावे, अशी अट इंग्रज निसर्गचित्रकार टर्नरने आपल्या मृत्युपत्रात घातली होती. शेजारचे रंग परस्परांना बदलतात, हे फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल याने १८३९ मध्ये मांडल्यावर दूरच्या निळ्याला जवळच्या नारिंगी-तपकिरीने उठाव देण्याच्या जुन्या प्रथेला शास्त्रीय आधार मिळाला.

महाराष्ट्रात ही पद्धती मुख्यतः मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून (स्था. १८५७) रुजली. त्यापूर्वी मोगल लघुचित्रांत यूरोपीय मुद्राचित्रांच्या प्रभावाने धूसर, निळसर नगरे आली होती. कोल्हापूरचे अबालाल रहिमान (मृत्यू १९३१) व सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) हे या कलाशाळेच्या परंपरेतले. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरा हाच प्रकाश असल्याने आकाश व दूरचे डोंगर आधी पातळ वॉशने (पाणीदार रंगाच्या थराने) घेतात, आणि गडद पुढचा भाग शेवटी.