घोट्यावरची जर

आमच्या आजोबांकडे सायकलच्या दोन क्लिपा होत्या. पोलादी पट्टीच्या, अर्धगोलाहून जरा जास्त वाकवलेल्या, मुलामा उडालेल्या. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरातून निघताना ते ओट्याच्या पायरीवर पाय ठेवत, पायजम्याचा घेर घोट्याशी आवळून घेत आणि वरून क्लिप चढवत. साखळी उजव्या अंगाला असते, तेव्हा वंगणापासून कापड वाचवायला खरं तर एका पायाला क्लिप लावली तरी भागतं. आजोबा दोन्ही पायांना लावायचे. का, विचारलं की म्हणायचे, "एकाच पायात घातली की माणूस बावळट दिसतो."

त्या क्लिपा मला आठवल्या विश्वामित्री नदीच्या पुलावर. संध्याकाळचे साडेसात, बारीक पाऊस, आणि एका रिक्षाने माझ्या हँडलला ओझरता धक्का दिला. अंगात पोपटी झगझगीत जाकीट होतं, खास सुरक्षिततेसाठी म्हणून घेतलेलं. रिक्षावाला भला माणूस. थांबला, सायकल उचलून दिली आणि कळकळीने म्हणाला, "काका, तमे देखाता ज नहोता!" दिसतच नव्हतो म्हणे. तेही पोपटी जाकिटात!

घरी येऊन आधी चिडलो. मग जाकीट खुंटीला टांगलं, खोलीतला दिवा मालवला आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात ते बघत बसलो. मळकट राखाडी दिसत होतं. रिक्षावाल्याचं काही चुकलं नव्हतं.

हा फ्लुओरोसंट पोपटी रंग दिवसा इतका झळकतो, कारण सूर्यप्रकाशातले आपल्याला न दिसणारे अतिनील किरण आणि काही निळे-जांभळे किरण शोषून तो त्यांचा हिरवट-पिवळा प्रकाश करून बाहेर टाकतो. ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हा प्रकाश, आणि दिवसा आपला डोळा नेमका तिथेच सर्वांत तल्लख असतो. पण सूर्य बुडाला की या धंद्याचं भांडवलच संपतं. हेडलाइटमध्ये अतिनील किरण जवळजवळ नसतात. लाल रंगाची गत तर आणखी वाईट. अंधारू लागलं की आपली नजर निळ्या-हिरव्या बाजूला सरकते आणि लालभडक बांधणी काळी दिसू लागते.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या संशोधकांनी एका बंद रस्त्यावर रात्री याची चाचणी घेतली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. गाडी चालवणाऱ्यांना पुढचा सायकलस्वार ओळखू येतो का, एवढाच प्रश्न. काळ्या कपड्यांत तो २ टक्के वेळा ओळखला गेला, फ्लुओरोसंट जाकिटात १५ टक्के, प्रकाश परत फेकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह जाकिटात ५० टक्के. आणि त्याच जाकिटाबरोबर घोट्यांना व गुडघ्यांना रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या बांधल्या, तर ९० टक्के.

या ५० आणि ९०मधल्या फरकाने मला झोपू दिलं नाही. पट्ट्या त्या केवढ्याशा! पाठीवरच्या जाकिटापुढे त्यांचं क्षेत्रफळ ते काय?

याचं उत्तर सापडतं ते मानसशास्त्रात. स्वीडनच्या गुन्नर योहानसन यांनी १९७३ साली एक प्रयोग मांडला. माणसाच्या खांद्यांना, कोपरांना, गुडघ्यांना, घोट्यांना मिळून दहा-बारा ठिपके लावायचे आणि अंधारात त्याचं चित्रण करायचं. पडद्यावर फक्त ठिपके. माणूस स्थिर असेपर्यंत बघणाऱ्याला काही अर्थबोध होत नाही, नुसत्या विखुरलेल्या टिकल्या. तो चालू लागला की क्षणात कळतं, माणूस आहे, चालतो आहे. बडोद्याच्या माणसाला याचं फार नवल वाटू नये. नवरात्रात मैदानाच्या टोकावरून, चेहरा दिसत नसताना, नुसत्या पावलांच्या ठेक्यावरून आपली मुलगी गरब्याच्या फेऱ्यात कुठे आहे ते आपण ओळखतोच. गंमत म्हणजे योहानसन यांनी ठिपक्यांसाठी काचमण्यांच्या रिफ्लेक्टिव्ह पट्टीचे तुकडे वापरले होते आणि प्रखर दिवा कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी लागून ठेवला होता. म्हणजे गाडीच्या हेडलाइटचीच मांडणी.

आता सायकलवर बसू. पेडलची दांडी साधारण १७ सेंटिमीटर लांब, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात पाऊल ३४ सेंटिमीटर वरखाली होतं, आणि रमतगमत चालवली तरी मिनिटाला पन्नास-साठ फेरे होतात. पाठ मात्र जवळपास स्थिर. पाठीवरचा चमकता चौकोन रस्त्यावरची पाटी असू शकतो, कचऱ्याचा डबा असू शकतो. आळीपाळीने वरखाली होणारे दोन ठिपके मात्र सायकलस्वारच असतो. शिवाय हेडलाइट खाली झुकवलेले असतात, त्यांचा उजेड आधी पायांवर पडतो. आणि आळीपाळीने, म्हणजे दोन्ही पाय हवेत. आजोबांचं सौंदर्यशास्त्र इथे पक्कं ठरलं.

तेव्हा घरी करून बघायची वस्तू ठरली: घोट्याची पट्टी. आता तिच्यावर जे लावायचं त्याच्याविषयी.

शाळेत आपण आपतन कोन बरोबर परावर्तन कोन असं घोकलेलं असतं. साधा आरसा तिरका पडलेला प्रकाश तिरकाच पलीकडे फेकतो, तो गाडीवाल्याच्या काय कामाचा? आपल्याला हवा आहे आला तिकडेच परत जाणारा प्रकाश. याला प्रतिपरावर्तन म्हणू. ते साधायच्या दोन युक्त्या आहेत. पहिली कॅरमवाल्यांना ठाऊक असते: कोपऱ्याजवळ मारलेला स्ट्रायकर एका कडेला लागतो, मग लगतच्या दुसऱ्या कडेला, आणि आल्या वाटेला समांतर परत येतो (भोकात गेला नाही तर). एकमेकांना काटकोनात असलेले तीन आरसे घेतले की हाच खेळ तिन्ही मितींत होतो. सायकलच्या लाल रिफ्लेक्टरमागचे बारीक खवले म्हणजे असे कोपरेच. अपोलो ११च्या अंतराळवीरांनी १९६९मध्ये चंद्रावर असे १०० कोपरे ठेवले, आणि २०२३मध्ये उतरलेल्या आपल्या विक्रम लँडरवरही आठ कोपऱ्यांचा छोटासा संच आहे.

दुसरी युक्ती काचेच्या मण्यांची. थंडीत सकाळी कमाटीबागेत दवाने भिजलेल्या हिरवळीवर आपली सावली बघा, डोक्याभोवती फिकट उजेडाचं वलय दिसेल. दवाचा थेंब भिंगासारखा सूर्यकिरण मागच्या पात्यावर एकवटतो आणि तिथून उजेड त्याच थेंबातून माघारी येतो. रिफ्लेक्टिव्ह कापडावर असेच मणी असतात, केसाच्या जाडीचे, आणि त्यांच्या मागच्या अर्ध्या भागाला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. मण्याच्या काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वाकवते त्याचं माप) २च्या जवळ असला की प्रकाश नेमका मण्याच्या पाठीवरच एकवटतो. साध्या काचेचा अपवर्तनांक दीड. तिच्यात तो पाठीमागे, त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर जाऊन एकवटेल. म्हणून खास काच, सुमारे १.९ची. संखेड्याचे लाखकाम केलेले झोपाळे आपल्या घराघरांत असतात. त्यांचं सोनं म्हणजे पारदर्शक लाखेखाली कथील. इथे काचेखाली ॲल्युमिनियम. चमक आतून यावी, ही कारागिरी आपल्या पंचक्रोशीला नवी नाही.

पहिला नमुना मी वर्तमानपत्राचा केला. कागद घोट्याभोवती गुंडाळायचा, टाचणी लावायची, सायकल चालवून यायचं. स्वस्त आणि निर्दय. पहिल्याच दिवशी कळलं की माझा घोटा २४ सेंटिमीटर, बायकोचा २१, आणि पुतण्याचा जीन्ससकट ३०. एकच माप कुणालाच बसत नाही.

दुसरा मांजरपाटाचा, व्हेल्क्रो लावलेला. गणपतीच्या पत्रीत असतो तो आघाडा आठवा, झुडपाला नुसतं घासून गेलं तरी त्याची बोंडं धोतराला चिकटून घरी येतात. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज दे मेस्त्राल यांना १९४१मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेली अशीच बोंडं बघून व्हेल्क्रो सुचलं. माझ्या व्हेल्क्रोने मात्र आघाड्याचा धर्म फारच पाळला. मोज्याचे धागे, धूळ, केस आणि शेवटी बायकोच्या साडीची काठाजवळची दोन सुतं त्याने ओढली. नमुना त्या संध्याकाळी बाद.

तिसऱ्यासाठी सुताराची पोलादी मेजर टेप कापली. पन्हळी पत्रा जसा वाकत नाही, तशी ही पट्टीही रुंदीत खोलगट असल्यामुळे ताठ राहते. घोट्यावर आपटली की ती खोलगट सपाट होते, ताठपणा जातो आणि पट्टी लांबीत गुंडाळली जाते. पण दुकानातली टेप सोडली की पुन्हा सरळ होते, तिला विसाव्याची एकच जागा माहीत असते. तिला दुसरी शिकवावी लागते. खोलगट बाजू बाहेर ठेवून बारीक सळईवर घट्ट गुंडाळायची, पोलादाला कायमचा वाक येईस्तोवर. मग तिला दोन विसावे होतात, सरळ आणि गुंडाळलेला, आणि मधे एक छोटी टेकडी. टेकडी ओलांडायला चापट पुरते. एक माप, सगळे घोटे. (पुतण्याने दिवसभर चापट्या मारून पहिली पट्टी मोडली, ती चाचणीत धरली आहे.) कडा मात्र धारदार असतात, म्हणून टेपला कापडाची खोळ हवीच.

आणि खोळ म्हटल्यावर प्रश्न दिसण्याचा. बाजारात मिळणारी पट्टी करड्या रंगाची असते. बायकोने ती घालायला साफ नकार दिला, आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे. जी वस्तू खुंटीवरच राहते तिचा अपवर्तनांक कितीही असला तरी काय उपयोग! पण हिशोब केला तर इथे चैन करायला जागा आहे. चांगली रिफ्लेक्टिव्ह पट्टी दिव्याच्या दिशेला पांढऱ्या कापडाच्या सुमारे हजारपट उजळते. तेव्हा तिच्या मिलिमीटरभर रुंद चिरोट्या कापल्या आणि मरून खणाच्या कापडावर जरीसारख्या टाकून टिपून घेतल्या. एक-तृतीयांश जागा व्यापली तरी सव्वातीनशेपट उजेड उरतो. दिवसा ती चांदीची जुनी जर वाटते. रात्री दिवा पडला की काठ पेटतो.

ही खोळ निघते, हेही मुद्दाम. धुण्याच्या सोड्यातला अल्कली ॲल्युमिनियम खातो. कपड्यालाच पट्टी शिवली की दर धुण्याला थोडी आंधळी होते.

पावसाने मात्र माझी फजिती केली. मण्याचं सगळं गणित समोर हवा आहे असं धरून केलेलं असतं. वर पाण्याचा पापुद्रा आला की १.९ला १.३३ने भागायचं, उरतं १.४ आणि थोडं. प्रकाश पाठीवर एकवटायचा तो पार मागे जातो आणि पट्टी मंदावते. विश्वामित्री फुगते त्या दिवसांतच! कोपऱ्यांच्या पट्टीला हे दुखणं नाही. तिचे कोपरे प्लास्टिकच्या मागे बंद असतात, पाणी पोचत नाही. पण ती कापून चिरोट्या करता येत नाहीत, शिवण फुटून पाणी शिरतं, आणि दिसतेही प्लास्टिकसारखी. शेवटी खोळ दुतोंडी केली. एका तोंडाला जर, दुसऱ्याला कोपऱ्यांची पट्टी. आषाढ लागला की उलटायची.

चाचणीत एका गोष्टीने मला बरंच फसवलं, ती म्हणजे मोबाइल. त्याचा फ्लॅश कॅमेऱ्यापासून बोटभर अंतरावर असतो, त्यामुळे फोटोत कुठलीही पट्टी वीज पडल्यासारखी दिसते. जाहिराती अशाच काढतात. खऱ्या मोटारीत डोळा दिव्याच्या दोनेक फूट वर असतो. प्रतिपरावर्तक अगदी निर्दोष असता तर सगळा उजेड दिव्याकडेच परतला असता आणि चालकाला काहीच दिसलं नसतं. थोडं विस्कटणं लागतंच. म्हणून वाड्यासमोरच्या गल्लीत लहान प्रमाणावर मांडणी केली. १०० मीटरवर दिव्यापेक्षा ६० सेंटिमीटर उंच असलेला डोळा म्हणजे १० मीटरवर ६ सेंटिमीटर. पुतण्या सायकलवर, मी नाकाखाली टॉर्च धरून. जर लखलखली. मग ट्रकचा हिशोब: चालकाचा डोळा दिव्याच्या दीड मीटर वर धरला, तर १० मीटरवर १५ सेंटिमीटर. टॉर्च हनुवटीखाली आणली. जर दिसत होती, पण जीव नसल्यासारखी. तेव्हा ट्रकांसाठी मागचा लाल दिवा हवाच, त्याला पळवाट मला सापडलेली नाही.

सध्या सातवा नमुना चालू आहे. वहिनींनी तो मंगळबाजारात घालून नेला, आणि परत आल्या त्या पाच जणींची मापं घेऊन. मापं लागत नाहीत हे सांगूनही. अडचण आहे ती शिंप्याची. चार सेंटिमीटरची नळी शिवून उलटी करायला त्याला शिवण्याहून जास्त वेळ लागतो, नाडी घालायची काडी मधेच अडकते. परवा त्याने ती बाजूला टाकली आणि माझी उरलेली मेजर टेपच नळीत सरकवली. खोळ एका झटक्यात उलटली.