खेळाडू अध्यक्ष आणि कूलिंग ऑफचा घोळ : मागचा इतिहास

नाशिकमध्ये क्रिकेट संघटनांचा विषय निघाला की गाडी फिरून फिरून दादावर, म्हणजे सौरव गांगुलीवर येतेच. गोल्फ क्लब मैदानावर नेट्सच्या मागे उभं राहून पोरांची प्रॅक्टिस बघणारे काका लोक तर छातीठोकपणे सांगतात की एक खेळलेला माणूस बोर्डाचा, म्हणजे बीसीसीआयचा अध्यक्ष झाला आणि नियमाने त्याला घालवला. पहिलं खरं, दुसरं नाही. म्हणून हे जरा नीट मांडतोय.

लॉर्ड्सवरचे १३१, नंतरची कप्तानी, हे सगळं माहितीच आहे, ते सोडून देतो. जुनं एवढंच लक्षात ठेवा की टेस्ट खेळलेला माणूस बोर्डाचा पूर्णवेळ अध्यक्ष होणं फार दुर्मिळ. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्याचा कप्तान पन्नासच्या दशकात अध्यक्ष होता, त्यानंतर २०१४ मध्ये कोर्टाच्या आदेशाने दोन माजी खेळाडूंना थोड्या दिवसांसाठी बसवलं, बस. आपल्याकडे मुंबईत तर १९७१ साली दोन सिरीज जिंकून आणणारा कप्तान मुंबई क्रिकेट संघटनेच्या २००१ च्या निवडणुकीत हरला आणि लॉर्ड्सवर तीन शतकं ठोकणारा २०११ मध्ये हरला, दोघंही राजकीय नेत्यांसमोर. मतदार क्लबवाले असतात, प्रेक्षक नसतात, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

दादा खालून आला. २०१४ मध्ये बंगालच्या राज्य संघटनेत जॉइंट सेक्रेटरी, २०१५ मध्ये अध्यक्ष. मार्च २०१६ ची भारत-पाकिस्तान टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची मॅच धरमशालाहून ईडनला हलवली, ऐन वेळी पाऊस आला, पण द्राक्षबागेवर प्लास्टिक टाकतात तसं सगळं मैदान झाकलेलं होतं आणि मॅच १८-१८ ओव्हरची का होईना पण झाली. मला विचाराल तर प्रशासक म्हणून त्याचं सगळ्यात चांगलं काम हेच, कारण ग्राउंड्समन, कव्हर्स, ड्रेनेज ही कामं राज्य पातळीवरच होतात आणि नेमकी हीच वर्षं पुढे त्याच्या अंगाशी आली.

आता मुख्य घोळ. एका माजी सरन्यायाधीशांच्या समितीने शिफारस केली आणि १८ जुलै २०१६ ला सुप्रीम कोर्टाने ती बहुतांश मान्य केली. त्यात असं होतं की पदाधिकाऱ्याची एक टर्म तीन वर्षांची, आणि प्रत्येक टर्मनंतर सक्तीची विश्रांती, म्हणजे कूलिंग ऑफ. ९ ऑगस्ट २०१८ ला कोर्टानेच हे सैल केलं, विश्रांती एका टर्मऐवजी सलग दोन टर्मनंतर, पण त्या दोन टर्म राज्यात झाल्या काय, बोर्डात झाल्या काय किंवा एक इकडे एक तिकडे झाली काय, सगळ्या एकत्रच मोजायच्या. (ह्याच निकालात मुंबई आणि विदर्भाला बोर्डातलं त्यांचं पूर्ण मत परत मिळालं, नाहीतर पुण्याच्या संघटनेला, म्हणजे पर्यायाने आपल्या नाशिकलाही, राज्याचं एकच मत त्या दोघांबरोबर फिरतं वाटून घ्यावं लागलं असतं. हे फार कोणी बोलत नाही.)

तर २३ ऑक्टोबर २०१९ ला दादा बिनविरोध अध्यक्ष झाला तेव्हा २०१४ पासूनचं मीटर चालूच होतं. सहा वर्षं जुलै २०२० ला भरत होती, म्हणजे हातात जेमतेम नऊ महिने, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. १ डिसेंबर २०१९ च्या सभेत बोर्डाने घटनाच बदलायचा ठराव केला, राज्यातली वर्षं धरू नका, आणि वर पुढच्या दुरुस्त्यांना कोर्टाची परवानगीही नको. अर्ज कोर्टात गेला, कोविड आला, तारखा पडत गेल्या आणि तो खुर्चीवर राहिला. मी त्याचा चाहता आहे तरी स्पष्ट सांगतो, हे बरोबर नव्हतं. खेळाडू चाळिशीनंतर ह्या क्षेत्रात येतो, त्याची राज्यातली वर्षं मोजू नयेत हे मला पटतं, पण तसं असेल तर आधी नियम बदला, मग खुर्चीवर बसा.

त्या काळात काय झालं? भारतातली पहिली पिंक बॉल टेस्ट, यूएईतली आयपीएल, आणि २०२०-२१ ची रणजी रद्द, जी १९३४-३५ पासून कधीच चुकली नव्हती. कप्तानी बदलावरून झालेल्या वादावर पेपर भरले, पण आमच्याकडे जास्त दुखलं ते रणजीचं. सप्टेंबर २०२१ मध्ये भरपाई म्हणून ५० टक्के जादा मॅच फी जाहीर झाली आणि ४० च्या वर मॅच खेळलेल्याचा दिवसाचा रेट ३५ हजारांवरून ६० हजार झाला. नोकरी नसलेल्या पोराचं घर ह्या पैशावर चालतं, त्यामुळे ही वाढ मला पिंक बॉलपेक्षा मोठी वाटते.

१४ सप्टेंबर २०२२ ला निकाल लागला, राज्यात सहा आणि बोर्डात सहा अशी सलग बारा वर्षं चालतील. म्हणजे दादाला आता रीतसर अजून एक टर्म मोकळी होती. महिन्याभरात, १८ ऑक्टोबरला निवडणूक झाली, अध्यक्षपदासाठी एकच अर्ज आला आणि तो त्याचा नव्हता, १९८३ च्या वर्ल्ड कपमध्ये १८ विकेट काढलेल्या बॉलरचा होता. नियम आडवा होता तेव्हा तो राहिला आणि नियम बाजूला झाला तेव्हा गेला. मला काका लोकांना हेच सांगायचं होतं, त्याला नियमाने नाही, मतांच्या गणिताने घालवलं.

तो १९८३ वालाही जुलै २०२५ मध्ये सत्तरीला पोचला आणि वयाच्या अटीत अडकला. सप्टेंबरमध्ये अध्यक्ष झाला तो रणजीत भरपूर खेळलेला पण भारतासाठी एकही मॅच न खेळलेला माणूस. त्याच महिन्यात दादा पुन्हा आपल्या राज्य संघटनेचा अध्यक्ष झाला, परत बिनविरोध. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो क्रीडा प्रशासनाचा कायदा केला त्यात काही अटींवर ७० ते ७५ वयाच्या माणसालाही निवडणूक लढवता येते, त्यामुळे वयाचा जो नियम २०१६ पासून पक्का धरला होता तो परत उघडा पडलाय.